गायरान गावाला परत द्या! १८८३ सालीच हे सांगणारे महात्मा फुले

चारा, शेण आणि शेत यांची साखळी त्यांनी तेव्हाच ओळखली होती. आज त्यांच्याच नावाचं विद्यापीठ चाऱ्यावर संशोधन करतंय

पुणे : महात्मा जोतीराव फुले म्हटलं की भिडे वाड्यातली मुलींची शाळा आठवते, सावित्रीबाई आठवतात, सत्यशोधक समाज आठवतो. ते बरोबरच आहे. पण गुरं चरायला कुठं जातात, गोठ्यात जनावर कमी का होतंय, शेताला शेणखत का पुरत नाही, या प्रश्नांवरही जोतीरावांनी बारकाईनं लिहून ठेवलंय. फार जणांना ते माहीत नसतं. दर उन्हाळ्यात चाऱ्यासाठी वणवण करणाऱ्या आपल्या भागातल्या शेतकऱ्यांनी तर जोतीरावांचा हा भाग आवर्जून समजून घ्यावा असा आहे.

माळ्याचं घर, शेतीचे संस्कार

फुल्यांचं मूळ आडनाव गोऱ्हे आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण, खटाव तालुका. पुढे हे कुटुंब पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला आलं आणि तिथून पुण्यात. जोतीरावांचे वडील गोविंदराव आणि चुलते पेशव्यांच्या दरबाराला हार, गजरे, फुलांच्या गाद्या पुरवायचे. त्या धंद्यावरून लोक त्यांना फुले म्हणू लागले आणि तेच नाव चिकटलं.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. तोवर पेशवाई बुडाली होती. शनिवार पेठेतल्या शनिवारवाड्यावर १८१७ च्या नोव्हेंबरात इंग्रजांचं निशाण चढलं होतं. पुढे १८२८ च्या फेब्रुवारीत त्या वाड्याला मोठी आग लागली, तेव्हा जोतीराव एक वर्षाचेही झाले नव्हते. म्हणजे ते वाढले ते नव्या राज्यात. नवे कायदे, नवा सारा, नवी कचेरी आणि नवी शाळा, हे सगळं त्यांनी जवळून पाहिलं.

आई चिमणाबाई लवकर गेल्या. थोडं शिक्षण झाल्यावर वडिलांनी जोतीरावांना शाळेतून काढलं आणि मळ्यात कामाला लावलं. पुढे शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजीटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले, या वेळी स्कॉटिश मिशनच्या. मधली ती वर्षं मात्र वाया गेली नाहीत. मातीत हात घातलेला माणूस पुढे शेतीवर लिहायला बसला, तेव्हा ते लिखाण ऐकीव राहिलं नाही.

१८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारनं त्यांचा सत्कार केला. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज उभा राहिला. हा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे. शेतीच्या अंगानं त्यांचं आयुष्य कसं गेलं, ते मात्र पुस्तकात फारसं येत नाही.

ठेकेदार जोतीराव आणि मांजरीची शेती

जोतीराव पोटापाण्यासाठी कुणाच्या नोकरीवर अवलंबून नव्हते. ते ठेकेदारी करायचे. खडकवासल्याच्या धरणासाठी त्यांनी दगड पुरवला, कात्रजच्या बोगद्याच्या आणि येरवड्याच्या पुलाच्या कामातही त्यांचा वाटा होता. या कामांवर हजारो मजूर राबायचे. त्यातले बरेच जण म्हणजे शेतीत भागेना म्हणून गाव सोडून आलेले कुणबी, माळी, धनगर. सरकारी बांधकामातली खाबुगिरीही जोतीरावांनी इथंच पाहिली.

धरण झालं, कालवा निघाला. पण सुरुवातीला शेतकरी कालव्याचं पाणी घ्यायला बिचकत होते. पट्टी परवडंल का, जमीन बिघडंल का, अशा शंका. जोतीरावांनी मांजरीजवळ जमीन घेतली आणि कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला, फळं काढून दाखवली. सांगण्यापेक्षा करून दाखवणं हा त्यांचा स्वभाव होता. १८७६ पासून काही वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते.

दुष्काळानं उघडं पाडलं

१८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. कर्जाचे कागद जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी गेलं. त्यातून सावरायच्या आत १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ आला. माणसांबरोबर गुरंही मेली. पाऊस नाही म्हणजे कडबा नाही, कडबा नाही म्हणजे बैल नाही. आणि बैल गेला की पुढच्या वर्षी पाऊस पडूनही नांगर चालत नाही. सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी १८७७ मध्ये धनकवडीला उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालवला.

एकीकडे हे चाललेलं असताना दुसरीकडे जंगल खात्याचा पसारा वाढत होता. इंग्रज सरकारनं १८६४ मध्ये हे खातं काढलं आणि १८७८ मध्ये जंगलाचा नवा, कडक कायदा केला. डोंगर, दऱ्या, माळरान यांच्या हद्दी आखल्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या गावची गुरं जिथं चरत होती, ती राखीव झाली. जनावर हद्दीत शिरलं तर दंड. त्याआधी १८७१ मध्येच कोंडवाड्याचा कायदाही झाला होता. दुष्काळात जनावर गमावलेल्या माणसानं नवं घेतलं तरी ते चारायचं कुठं, हा प्रश्न उभा राहिला.

असूडातला हिशोब

जोतीरावांनी शेतकऱ्याचा असूड हे पुस्तक १८८३ च्या जुलैत लिहून पूर्ण केलं. पाच प्रकरणं. छापण्याआधीच ते गावोगावी वाचून दाखवलं गेलं. पुणे, मुंबई, ठाणे इथं तर झालंच, पण जुन्नर, ओतूर, हडपसर इथल्या शेतकऱ्यांनीही ते बसून ऐकलं. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीही ते ऐकून घेतलं आणि मदत केली. दीनबंधू पत्रात काही भाग छापून आला, पुढचा आला नाही. सरकारवर इतकं कडक लिहिलेलं छापायला तेव्हा जिगर लागायची.

या पुस्तकात सावकार आहे, कुलकर्णी आहे, सरकारी साहेब आहे. आणि गायरानही आहे. जोतीराव सांगतात की पूर्वी ज्याची शेती थोडी होती, त्याचंही कसंबसं भागत होतं. कारण त्याला डोंगराचा आधार होता. उंबर, जांभळं अशी रानची फळं मिळायची. पळस, मोहाची पानं-फुलं आणि सरपण विकून चार पैसे यायचे. गावच्या गायरानावर एक-दोन गाई आणि दोन-चार शेळ्या पोसल्या जायच्या. जंगल खात्यानं डोंगर-दऱ्यांबरोबर पडीक जमीन आणि गायरानंही आत ओढली. मग या गरिबाच्या शेळ्यांना तोंड घालायला जागाच उरली नाही. माणूस गाव सोडून मजुरीला निघाला.

पुढचा हिशोब आजच्या शेतकऱ्यालाही लगेच पटेल असा आहे. गायरान गेलं की गुरं कमी झाली. गुरं कमी झाली की शेणखत कमी झालं, बैलही कमी झाले. खत आणि मशागत दोन्ही कमी पडल्यावर जमिनीचा कस गेला. पीक घटलं, पण सारा तेवढाच राहिला. मग सावकार. म्हणजे कर्जाचं एक मूळ चराईच्या कुरणात आहे, हे जोतीरावांनी दाखवून दिलं. गोऱ्या पलटणींच्या जेवणासाठी इथली गाई-बैलं कापली जातात, यावरही त्यांनी बोट ठेवलं. त्याऐवजी शेळ्या-मेंढ्या वापरा किंवा बाहेरच्या देशातून जनावर आणा, पण शेतकऱ्याच्या बैलांची खिल्लारं संपवू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचा मुद्दा बैल आणि शेणखत यांचा होता.

नुसती तक्रार नाही, उपायही

असूडाच्या शेवटच्या भागात जोतीराव सरकारला कामांची यादीच देतात.

पहिलं काम पाण्याचं. डोंगरावरचा कुजलेला पालापाचोळा, गवत, मेलेल्या किड्यामुंग्यांचं सत्त्व वळवाच्या पावसात ओढ्यातून वाहून जातं. जागोजागी ताली आणि बंधारे असे घाला की ते पाणी आधी शेतात मुरेल आणि मग नदीला जाईल. हे काम लष्करातल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या शिपायांकडून करून घ्या, असंही त्यांनी सुचवलं. दऱ्याखोऱ्यांत तळी-तलाव बांधा, विहिरी काढणाऱ्याला मदत करा.

दुसरं काम गायरानाचं. ज्या ज्या गावांची गायरानं जंगलात घेतली असतील, ती त्या त्या गावाला परत करा. इथं एक गोष्ट नीट पाहायला हवी. जोतीराव सगळं मोकळं सोडा म्हणत नाहीत. सरपण आणि शेताला लागेल तेवढं घेता यावं, पण विकण्यासाठी इमारती लाकूड तोडू देऊ नये, असा कायदा करा, असंही ते त्याच दमात सांगतात. म्हणजे झाड राखायचंच. फक्त राखण्याच्या नावाखाली गावाला बाहेर काढायचं नाही.

तिसरं काम जातिवंत जनावरांचं. सरकारनं खजिन्यातून थोडा पैसा खर्च करावा, दुसऱ्या देशांतल्या चांगल्या जातीच्या शेळ्या-मेंढ्या आणाव्यात आणि इथं त्यांची पैदास करावी. त्यातून लेंडीखत भरपूर मिळेल, जमीन सुधारेल आणि लोकरीचाही पैसा होईल. आजही धनगरांचा वाडा आपल्या रानात दोन रात्री बसावा म्हणून शेतकरी धान्य, पैसे देतात. लेंडीखताची किंमत गावाला कुणी शिकवावी लागत नाही. जोतीरावांनी ती सरकारला सांगितली.

याशिवाय शेतीची प्रदर्शनं भरवा, चांगलं पीक काढणाऱ्याला बक्षीस द्या, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचं शिक्षण द्या आणि परदेशातल्या शेतीशाळा पाहायला पाठवा, हेही त्यांनी लिहिलं. आज ज्याला कृषी संशोधन आणि विस्तार म्हणतात, त्याचा आराखडाच म्हणा ना.

फाटकं पागोटं आणि राजपुत्र

लिहून ते गप्प बसले नाहीत. जुन्नर तालुक्यात कुळांनी सावकार-जमीनदारांविरुद्ध जमिनी न कसण्याचं आंदोलन केलं, त्यामागे सत्यशोधक मंडळी होती. जंगलाच्या जाचाबद्दल कोकणातूनही ओरड वाढत गेली आणि १८८५ मध्ये मुंबई सरकारला ठाणे-कुलाबा भागासाठी जंगल आयोग नेमावा लागला.

२ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी मेजवानी ठेवली होती. सगळे भरजरी कपड्यांत. जोतीराव मात्र गरीब शेतकऱ्याच्या वेशात आले. फाटकं पागोटं, खांद्यावर घोंगडी. दारावरच्या लोकांना आधी ते ओळखूच आले नाहीत. आत गेल्यावर त्यांनी राजपुत्राला सांगितलं, की खरी प्रजा पाहायची असेल तर खेड्यात चला, इथं जमलेले म्हणजे देश नव्हे.

त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. दोन महिन्यांनी पक्षाघाताचा झटका आला आणि उजवं अंग लुळं पडलं. तरी डाव्या हातानं लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म हे पुस्तक पूर्ण केलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. गायरानं काही परत मिळाली नव्हती.

बियाण्याच्या पिशवीवर त्यांचं नाव

१९६८ मध्ये राज्यात कृषी विद्यापीठ स्थापन झालं. पश्चिम महाराष्ट्रासाठी राहुरीला जे विद्यापीठ उभं राहिलं, त्याला महात्मा फुल्यांचं नाव आहे. पुण्याचं जुनं कृषी महाविद्यालयही त्याच्याच अंतर्गत येतं. विद्यापीठाच्या बऱ्याच वाणांच्या नावाआधी फुले लागतं. बांधावर लावलेलं फुले जयवंत किंवा फुले गुणवंत हे संकरित हत्तीगवत, ज्वारीचा चाऱ्यासाठीचा फुले अमृता, ओटचा फुले हरिता, गवतातला फुले मारवेल, ही सगळी तिथलीच. होल्स्टिन, जर्सी आणि गीर या तिघांच्या संकरातून तयार झालेल्या गाईचं नाव फुले त्रिवेणी. दख्खनी मेंढी आणि संगमनेरी शेळी यांच्यावरही राहुरीत काम झालंय. जोतीरावांच्या यादीतलं तिसरं काम असं त्यांच्याच नावाखाली पुढे गेलं.

या संशोधनानं गोठ्याला काय दिलं? गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरं. त्यांच्या पोटाला चार कप्पे असतात. सगळ्यात मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात आणि माणसाला न पचणारं गवत ते पचवून देतात. म्हणजे चारा टाकताना आपण आधी या जिवांना खाऊ घालतो. नुसता वाळला कडबा किंवा भुसकट असेल तर त्यात प्रथिनं कमी, म्हणून हे जीव नीट काम करत नाहीत. पोट भरलेलं दिसतं, पण दूध येत नाही. म्हणून कडब्याच्या जोडीला हिरवा चारा आणि लसूणघास, चवळी यांसारखा द्विदल चारा द्यायला सांगतात. साधारण ४०० किलो वजनाच्या गाईला दिवसाला १० ते १२ किलो कोरडा भाग पोटात जावा लागतो. हिरव्या चाऱ्यात तीन हिस्से तर पाणीच असतं. त्यामुळे २० किलो हिरवा टाकला तरी कोरडा भाग जेमतेम ५ किलो भरतो. हत्तीगवतात ऑक्झॅलेट नावाचा घटक असतो, तो जास्त झाला तर जनावराच्या अंगी कॅल्शियम लागत नाही. फुले जयवंतमध्ये तो तुलनेनं कमी आहे, म्हणून ते पसरलं.

पण हे सगळं ज्याच्याकडे पाण्याखालची चार गुंठे जमीन आहे त्याच्यासाठी. ज्याच्याकडे ती नाही, त्याच्या दोन शेळ्यांचं काय? तिथं गायरानच लागतं.

गायरानाचं आज काय?

माळरानावर पवन्या, मारवेल, अंजन ही चांगली गवतं आपोआप येतात. पण वर्षभर बेसुमार चराई झाली की ती आधी संपतात, कारण जनावर चवीचं तेच आधी खातं. मग कुसळी माजते. कुसळं धरल्यावर जनावर तिला तोंड लावत नाही आणि मेंढ्यांच्या लोकरीत ती अडकते. कुरणाचे भाग पाडून आळीपाळीनं चारणं, पावसाळ्यात गवताला बी धरू देणं, मोकळ्या जागी स्टायलोसारखं द्विदल गवत पेरणं, हे उपाय साधे आहेत. गवत फुलोऱ्यात असताना कापलं तर कस जास्त, वाळून कोळ झाल्यावर कापलं तर नुसता चोथा. पण हे उपाय एकट्या-दुकट्यानं होत नाहीत. अख्ख्या गावानं ठरवावं लागतं.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, गवत कापून गोठ्यात नेलं, पाणी मुरवलं आणि दूध वाढवलं. १८७८ च्या कायद्यानंही चराई बंदच केली होती. फरक एवढाच की तेव्हा बंदी वरून लादली गेली आणि इथं गावानं ग्रामसभेत बसून ती स्वतःवर घातली. त्या बंदीत गरिबाचं जगणं गेलं, या बंदीत गवत सगळ्यांच्या वाट्याला आलं.

बऱ्याच गावांत मात्र गायरान सातबाऱ्यावर आहे आणि जागेवर नाही. कुठं अतिक्रमण, कुठं घरं, कुठं टाक्या आणि सौर प्रकल्प. काही अतिक्रमणं धनदांडग्यांची आहेत, तर काही ठिकाणी भूमिहीनांनी डोकं टेकायला झोपडी घातलीय. दोघांना एकाच मापानं मोजता येणार नाही. गावच्या सामाईक जमिनी वाचवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सांगितलंय. तरी निर्णय शेवटी गावाच्या हिमतीवर येऊन थांबतो.

जोतीरावांच्या वेळी गायरान सरकारनं नेलं होतं, म्हणून मागणी सरकारकडे होती. आज ते कुणी नेलं, किती उरलं आणि उरलेल्यावर गवत आहे की कुसळी, याचं उत्तर ग्रामसभेतच मिळू शकतं. ११ एप्रिलला आणि २८ नोव्हेंबरला गावोगावी जोतीरावांच्या फोटोला हार घातला जातो. त्या दिवशी तलाठ्याकडून गायरानाचा उतारा काढून ग्रामसभेत वाचला, तरी असूडातलं एक काम आपल्या गावात सुरू झालं असं म्हणता येईल.